गाण्याचा शेजार

१९९९ च्या अखेरीस अमेरिकेत फोक्सवॅगनच्या एका मोटारीची जाहिरात दूरचित्रवाणीवर दिसू लागली. टप उघडलेल्या गाडीतून चार तरुण मुलेमुली चांदण्या रात्री कुठेतरी निघाली आहेत. कुणी बोलत नाही. गाडी एका घरापाशी येऊन थांबते, तिथे पार्टी रंगात आलेली असते, तो गोंगाट पाहून चौघे एकमेकांकडे बघतात आणि खाली न उतरता पुन्हा रस्त्याला लागतात. या सगळ्याच्या मागे निक ड्रेक या इंग्लिश गायकाचे 'पिंक मून' हे गाणे वाजत राहते. ही जाहिरात पाहणाऱ्याला ते गाणे मोकळ्या रात्रीचे, न बोलता कळणाऱ्या मैत्रीचे, घरी परतण्याची घाई नसलेल्या वयाचे वाटावे यात नवल नाही. पुष्कळांना ते तसेच वाटले, आणि गायक जिवंत असताना जिच्या जेमतेम काही हजार प्रती खपल्या होत्या, ती ध्वनिमुद्रिका त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी लोक शोधून शोधून विकत घेऊ लागले.

मूळ ध्वनिमुद्रिकेत मात्र चांदण्यातली सहल कुठेच नाही. निक ड्रेकने ती ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, जॉन वुड या एकाच ध्वनिमुद्रकाला सोबत घेऊन, दोन रात्रींत पुरी केली. त्याच्या आधीच्या दोन ध्वनिमुद्रिकांत भरपूर वाद्यमेळ होता. इथे फक्त आवाज आणि गिटार आहे, आणि शीर्षकगीतात मध्येच उमटून जाणारा पियानोचा एक लहानसा तुकडा. अकरा गाणी, सगळी मिळून २८ मिनिटे. त्या काळात तो नैराश्याने इतका खचला होता की माणसांशी बोलणेही त्याला जड जात असे, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, तो गेला. 'पिंक मून'चे शब्द सांगतात की तो चंद्र वाटेला लागलेला आहे आणि त्याच्या तावडीतून कुणीही सुटणार नाही. हे कळल्यानंतर गाणे ऐकले, तर तीच गिटार, तोच हलका आवाज अंगावर येतो.

मग त्या गाण्याचा खरा भाव कोणता, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे, आणि माझे उत्तर आता ठरलेले आहे. गाण्याचा भाव गाण्याच्या आत पुरता बंद नसतो. तो त्याच्या शेजारावर ठरतो: आधी काय वाजले, नंतर काय वाजणार आहे, मध्ये किती शांतता गेली, ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि खिडकीबाहेर कोणता प्रहर आहे, यांवर. मी वर्षानुवर्षे प्लेलिस्ट करत आले आहे, स्वतःसाठी आणि जवळच्या माणसांसाठी, आणि त्यातला बहुतेक वेळ गाणी निवडण्यात जात नाही. तो जातो शेजार ठरवण्यात.

याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण कोलकात्याचे आहे. 'मोहिनेर घोडागुली' हा बंगाली बँड १९७५ च्या सुमारास उभा राहिला. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबत्यांनी बाऊल, जॅझ, रॉक आणि शहरी बंगाली बोली यांचे असे काही मिश्रण केले की तेव्हाच्या श्रोत्यांना ते पेलले नाही. बँड विखुरला. १९९५ मध्ये चट्टोपाध्यायांनी नव्या मुलांना हाताशी धरून एक संग्रह काढला आणि त्यात एक गाणे आले, 'पृथिबीटा नाकि'. पृथ्वी म्हणे लहान लहान होत चालली आहे, उपग्रह आणि केबलच्या मुठीत आली आहे, आणि दिवाणखान्यातल्या खोक्यापुढे बसलेली माणसे एकमेकांपासून लांब जात आहेत, असे काहीसे त्याचे म्हणणे आहे. ज्या वर्षांत आपल्याकडे घरोघरी केबल आली, त्याच वर्षांतले हे गाणे. पुढे २००६ मध्ये याच चालीवर हिंदी चित्रपटात 'भीगी भीगी' हे विरहगीत आले आणि ते देशभर गाजले. मी आधी हिंदी गाणे ऐकले होते आणि बंगाली नंतर. चाल तीच, पण एका ठिकाणी ती एका माणसाच्या आठवणीने भिजलेली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी एका अख्ख्या शहराच्या एकटेपणाने. दोन्ही भाव त्या चालीत बसतात. शब्द हा गाण्याचा सर्वांत जवळचा शेजारी. तो बदलला की घराचा पत्ताच बदलतो.

आपल्या रागसंगीताला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. तरीही मारव्यात षड्ज पुन्हा पुन्हा टाळला जातो आणि संध्याकाळची हुरहुर दाटून येते, पूरिया खाली मंद्रात रमतो, आणि सोहनी तार षड्जाभोवती घोटाळत उत्तररात्रीची होते. स्वर बदलले नाहीत. कोण कुणाच्या शेजारी किती वेळ थांबले, तेवढेच बदलले. प्लेलिस्ट करणाऱ्याला यापेक्षा मोठा धडा कुठे मिळेल असे मला वाटत नाही.

आता इंडी संगीताकडे येते, कारण शेजाराची ही किमया त्याच्यात सर्वांत जास्त चालते. इंडी, म्हणजे 'इंडिपेंडंट', स्वतंत्र, हे मुळात एका ध्वनीचे किंवा शैलीचे नाव नव्हते; गाणे कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या परवानगीने निघाले याच्याशी त्याचा संबंध होता. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारीच्या पैशांवर, स्वतःच्याच लेबलवर 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी काढली, आणि मोठ्या कंपनीचे दार न ठोठावताही गाणे लोकांपर्यंत जाऊ शकते हे ब्रिटनभरच्या तरुणांना दिसले. तबकडीच्या वेष्टनावर कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हेसुद्धा त्यांनी छापले होते. गाणे कसे बनते यात लपवण्यासारखे काही नाही, तुम्हीही करा, असा त्याचा अर्थ होता.

आपल्याकडे या स्वातंत्र्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण लहानपणापासून जी गाणी ऐकतो त्यांतली बहुतेक चित्रपटातून येतात, आणि चित्रपटातले गाणे एकटे कधीच येत नाही. त्याच्याबरोबर नायक येतो, नायिका येते, बर्फाचा डोंगर किंवा रेल्वेचा फलाट येतो, कथेतला प्रसंग येतो. गाणे कानावर पडण्याआधीच त्याचा भाव ठरलेला असतो. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'चे किंवा पुण्याच्या 'ईझी वाँडरलिंग्ज'चे गाणे पहिल्यांदा कानावर येते तेव्हा त्याला असा कुठलाच प्रसंग चिकटलेला नसतो. ते मोकळे असते. त्याला प्रसंग ऐकणाऱ्याने द्यायचा असतो.

या बाबतीत इंडी गाण्याचा जवळचा नातलग मराठीतच आहे: भावगीत. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता गाऊन ध्वनिमुद्रित केली, आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या खुणांमध्ये तिचा उल्लेख आजही होतो. रंगभूमीवरच्या कुठल्याही पात्राने ते गायलेले नव्हते, कुठल्याही कथानकात ते बसवलेले नव्हते. एक कविता, एक गायक, तबकडीची तीन मिनिटे आणि घरात बसलेला श्रोता. नाट्यसंगीताच्या भर अमलात हे किती धाडसाचे असेल! आज एखादी मुलगी खोलीत गिटार घेऊन गाणे लिहिते आणि स्वतःच ते प्रसृत करते, तेव्हा तिला आणि तिच्या श्रोत्यांना जोडणारी वाट तीच असते.

प्रसंग ऐकणाऱ्याने द्यायचा, म्हणजे पर्यायाने यादी करणाऱ्याने द्यायचा. हे काम आपल्याकडे पूर्वी आकाशवाणीचे निवेदक करत. 'आपली आवड'सारख्या फर्माइशी कार्यक्रमात गाण्यांचा शेजार पत्रे कशी आली त्यावर ठरायचा, त्यामुळे लावणीनंतर अभंग आणि अभंगानंतर बालगीत असे काहीही होई, आणि त्याचीही एक गंमत होती. पण विविध भारतीवर रात्री दहाला लागणाऱ्या 'छायागीत'ची गोष्ट निराळी. तिथे निवेदक एक भाव धरतो, प्रतीक्षा म्हणा किंवा जुने घर म्हणा, आणि चारदोन वाक्यांच्या आधाराने पाचसहा गाणी त्या भावात ओवतो. चित्रपटात एखाद्या फुटकळ प्रसंगी वाया गेलेले गाणे तिथे अचानक आपल्या जागी बसते. गाण्याला चिकटलेले चित्र सोडवून त्याला नवा शेजार देण्याचे हे काम अतिशय नाजूक आहे, आणि कितीतरी निवेदकांनी ते निगुतीने केले आहे.

मग कॅसेटी आल्या. दुकानात गाण्यांची यादी नेऊन द्यायची आणि कॅसेट भरून घ्यायची, ही पद्धत पुण्यामुंबईत घराघरांत होती. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे दोन बाजू, प्रत्येकी तीस मिनिटे. त्यामुळे एका यादीला दोन आरंभ आणि दोन शेवट मिळत. पहिली बाजू संपली की उठून कॅसेट उलटावी लागे, आणि त्या उठण्याच्या वेळात काय उरले पाहिजे याचा विचार यादी लिहितानाच करावा लागे. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे निवडताना मी सर्वांत जास्त खाडाखोड करत असे. आजची प्लेलिस्ट हवी तितकी लांबते, आणि लांबी मोफत मिळाली की क्रमाची किंमत उतरते, हे मला सतत जाणवते. म्हणून मी अजूनही यादी तासाच्या आतच ठेवते.

मैफलीने तर क्रमाचे शास्त्रच केले होते. विलंबित ख्यालानंतर द्रुत, मग एखादा तराणा, मध्यंतरानंतर नाट्यगीत किंवा अभंग, आणि शेवट भैरवीने. भैरवी सुरू झाली की श्रोत्यांना कळते की आता उठायचे आहे, आणि त्या कळण्यातच तिचा अर्धा भाव असतो. सकाळच्या भैरवीच्या रियाजात हा भाव नाही. पुण्यात १९५३ पासून होत आलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर बंधने आल्यावर त्याला संध्याकाळचे वेळापत्रक स्वीकारावे लागले, आणि उजाडता उजाडता ललत किंवा भैरव ऐकण्याचे सुख दुर्मीळ झाले. ललत मुद्रणात आहेच, कधीही ऐकता येतो. पण आधीच्या रात्रीचे सगळे राग अंगावर घेऊन, डोळे चुरचुरत असताना ऐकलेला ललत त्या मुद्रणात नाही.

माझ्याकडे एक आषाढाची यादी आहे. दरवर्षी पाऊस बसला की मी ती उघडते आणि थोडी बदलते. तिच्यात बॉन इव्हेरची गाणी आहेत. हे जस्टिन व्हर्नन या गायकाने घेतलेले नाव. जुना बँड मोडला होता, नाते तुटले होते, आजारपणाने अंग खचले होते, अशा अवस्थेत तो २००६ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वडिलांच्या शिकारीच्या झोपडीत जाऊन राहिला, आणि तिथल्या तीनेक महिन्यांत त्याने 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' या ध्वनिमुद्रिकेचा बहुतेक भाग एकट्याने मुद्रित केला. २००७ मध्ये त्याने मोजक्या प्रती स्वतःच काढल्या, आणि पुढच्या वर्षी एका छोट्या लेबलने ती जगापुढे आणली. चढ्या, कृत्रिम सुरात गायलेले स्वतःचेच आवाज त्याने एकावर एक इतके रचले आहेत की एकाच माणसाचा घोळका झाल्यासारखे वाटते. ती बर्फातली गाणी आहेत. मी बर्फात कधी राहिलेले नाही. पण पुण्यात चार दिवस झड लागते, कपडे वाळत नाहीत, दुपारी चारला दिवा लावावा लागतो आणि बाहेर जाण्याचे सगळे बेत आपोआप मागे पडतात, तेव्हा कोंडून घेतलेल्या माणसाचा तो आवाज मला आषाढाचाच वाटतो.

या यादीतला एक सांधा मी पुष्कळ दिवस घासला आहे. 'री: स्टॅक्स' हे त्या ध्वनिमुद्रिकेतले शेवटचे गाणे, साडेसहा मिनिटांहून थोडे मोठे. इथे आवाजांचा घोळका जवळजवळ नाही, एक गिटार आणि एक माणूस. ते संपले की नंतर काय लावावे? दुसरे तसेच हळवे गाणे लावले तर दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात; ऐकणारा दुसरे गाणे ऐकतच नाही, पहिल्याचाच उरलेला भाग म्हणून ते वाहून जाते. एकदम ठेक्याचे गाणे लावले तर पहिल्याचा अपमान होतो. लय थोडी वाढलेली हवी, पण ताल ठळक नको. पट्टीचाही विचार करावा लागतो. नव्या गाण्याचा षड्ज जुन्याच्या पंचमावर बसत असेल तर कान सहज पुढे सरकतो आणि काहीतरी उघडल्यासारखे वाटते. तोच अर्ध्या सुराने वर असेल तर मन दचकते, आणि कधीकधी तसे दचकवायचेही असते. मी तिथे शब्द नसलेला गिटारचा एक छोटा तुकडा ठेवला आहे. त्यात काही घडत नाही, आणि तेच हवे होते. त्याच्यानंतरच्या गाण्यातला ट्रम्पेट मग पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकू येतो.

दोन गाणी एकमेकांत विरघळवण्याची जी सोय ॲपमध्ये असते, ती मी बंदच ठेवते. गाण्याचा शेवट हा गाण्याचाच भाग आहे. काही गाणी हळूहळू मावळतात, काही तोडून थांबतात, काहींच्या शेवटी तारेवरून बोट उचलल्याचा आवाज राहिलेला असतो. त्यानंतरची दोनतीन सेकंदांची शांतता रिकामी नसते. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात माणसांना त्यांच्या पाठ असलेल्या सीडीवरची गाणी ऐकवली, आणि एक गाणे संपून दुसरे सुरू होण्याआधीच्या शांततेत मेंदूत काय घडते ते पाहिले. पुढच्या गाण्याची चाहूल लागल्याबरोबर मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल सुरू झालेली दिसली. शेजारचे गाणे वाजण्याआधी मनात वाजू लागते, हे ज्यांनी एखादी कॅसेट झिजेपर्यंत ऐकली आहे त्यांना सांगायला नको. आजही रेडिओवर एखादे गाणे संपले की पुढे माझ्या जुन्या कॅसेटवरचेच गाणे येणार असे क्षणभर वाटते, आणि निवेदक दुसरेच काही लावतो तेव्हा मी किंचित अडखळते. ॲडेलसारख्या मोठ्या गायिकेने २०२१ मध्ये आग्रह धरल्यावर स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने ध्वनिमुद्रिकेच्या पानावर उलटसुलट क्रमाने वाजवण्याचे, म्हणजे शफलचे, बटण आपोआप पुढे येणे थांबवले. क्रम हा रचनेचा भाग आहे हे एवढ्या मोठ्या बाजाराला सांगावे लागले, आणि त्याने ते ऐकले, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

भावांच्या नावाने तयार मिळणाऱ्या याद्यांशी माझे भांडण आहे ते याच मुद्द्यावर. उदास, निवांत, पावसाळी, एकाग्र, अशी लेबले लावलेल्या शेकडो याद्या आज एका बोटावर मिळतात. त्यांतल्या काही जाणत्या माणसांनी मन लावून केलेल्या आहेत आणि त्यांतून मला कितीतरी नवे कलाकार भेटले. पण पुष्कळशा याद्यांमागे मोजमाप आहे. २०१४ मध्ये स्पॉटिफायने एको नेस्ट नावाची कंपनी घेतली. या कंपनीच्या तंत्राने प्रत्येक गाण्याला काही आकडे मिळतात: जोर किती, नाचण्याजोगेपणा किती, आणि आनंदीपणा किती, तोही शून्य ते एक या मापात. शून्याकडे झुकलेले गाणे दुःखी, एककडे झुकलेले आनंदी. यंत्राला लय, स्वरमेळ, आवाजाचा पोत ऐकू येतो आणि त्यावरून त्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबरही येतो, हे मान्य करायला हवे. मात्र हा आकडा गाण्याला एकट्यालाच चिकटवलेला असतो. जाहिरातीतल्या 'पिंक मून'चा आकडा आणि ड्रेकचे शेवटचे दिवस ठाऊक असलेल्या श्रोत्याच्या 'पिंक मून'चा आकडा एकच.

संगीताने भावना कशा जागतात याबद्दल पॅट्रिक युस्लिन आणि डॅनियल वेस्टफ्याल या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये सहा वाटा सांगितल्या. अचानक मोठा आवाज झाला की शरीर दचकते ही एक. आवाजातली भावना आपल्याला लागते ही दुसरी. याशिवाय सवयीने जडलेले नाते, मनात उभे राहणारे चित्र, आयुष्यातल्या विशिष्ट प्रसंगाची आठवण, आणि पुढे कोणता सूर येईल याची अपेक्षा. यातल्या पहिल्या दोन वाटा यंत्राला थोड्याफार दिसू शकतात. बाकीच्या वाटा श्रोत्याच्या घरातून जातात. दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलेले अत्यंत आनंदी गाणे एखाद्याला आयुष्यभर ऐकवत नाही, आणि त्याचे कारण त्या गाण्याच्या कुठल्याही मापात सापडणार नाही.

भाव असा लेबलात बसवला की त्याचा परिणाम गाणाऱ्यांवरही होतो. स्पॉटिफायवर गाणे किमान तीस सेकंद वाजले तरच ते ऐकले गेले असे धरतात, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. म्हणजे ज्यांना मोठ्या यादीत जागा मिळते त्यांचेच गाणे चालणार, आणि जागा मिळवायची तर गाण्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात आपला भाव जाहीर करायला हवा. सावकाश उलगडणाऱ्या, मध्येच वळण घेणाऱ्या गाण्याचे अशा ठिकाणी हाल होतात. मला हे फार जिव्हारी लागते, कारण जी इंडी गाणी माझ्याजवळ वर्षानुवर्षे टिकली ती सगळी पहिल्या अर्ध्या मिनिटात कशाबद्दल आहेत हे न सांगणारी आहेत. म्हणून एखादे गाणे आवडले की मी बँडकडून ध्वनिमुद्रिका विकत घेते, त्यांचा कार्यक्रम पुण्यात असला की तिकीट काढते, आणि माणसांना त्यांचे गाणे हाताने पाठवते.

हाताने पाठवलेल्या यादीत आणखी एक शेजार असतो, माहितीचा. 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडच्या 'कंदीसा' या २००० सालच्या ध्वनिमुद्रिकेत 'मा रेवा' आहे. नर्मदेच्या खोऱ्यातले हे पारंपरिक गाणे. बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. नदीच्या निर्मळ पाण्याची ती स्तुती आहे, आवाज एकत्र उठतात, तालवाद्ये धरून घेतात, आणि कार्यक्रमात ते सुरू झाले की मागच्या रांगेतली मुलेही उभी राहतात. मीही त्यावर डोलले आहे. पण नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली, सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेले महाराष्ट्रातले पहिले गाव, ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी त्या स्तुतीच्या तळाशी आणखी काही असते. त्याच नदीचे, त्याच निर्मळ पाण्याचे ते दुसरे रूप. आनंद कमी होत नाही. तो एकटा राहत नाही, इतकेच.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने म्युनिकहून मला एक यादी पाठवली. तिथे शिकायला गेल्यापासून ती बहुतेक जर्मन आणि इंग्लिश इंडी ऐकते. बरोबर निरोप होता: "मावशी, शफल बंद कर. आणि भांडी आवरताना लावू नकोस, नुसती बसून ऐक." मी बसून ऐकली. मध्यावर बॉन इव्हेरचे एक गाणे होते, ते संपले, आणि पुढे खरखरत आले 'रानारानात गेली बाई शीळ'. हे गाणे मी माझ्या आईकडून, आजीकडून, स्नेहसंमेलनात, किती ठिकाणी ऐकले असेन. माझ्यासाठी ते लाडिक तक्रारीचे गाणे होते: वेळकाळ न पाहता शीळ घालणाऱ्या प्रियकराला प्रेयसीने दटावलेले, आणि दटावण्यातच कौतुक भरलेले. पण झोपडीत कोंडून घेतलेल्या त्या माणसाच्या शेजारी ते आले आणि मला पहिल्यांदा त्यातले रान ऐकू आले. शीळ रानातून लांब जाते आहे, घालणारा दिसत नाही, आणि ऐकणारी जिथे आहे तिथेच उभी आहे. माझ्या भाचीला ते गाणे तसेच ऐकू येत असणार. ती घरापासून इतक्या लांब आहे आणि घराचा आवाज तिच्यापर्यंत असाच विरत विरत पोहोचत असेल. तिने तसे काही लिहिले नव्हते. लिहायची गरजही नव्हती.

मी तिला फोन करून म्हटले, "अगं, हे तुला सुचले कसे?" ती म्हणाली, "दोन्हीत जंगल आहे ना, म्हणून." नंतर आम्ही पुढच्या गाण्यावर आलो, कारण तिथे माझे तिच्याशी पटत नव्हते. तिने शीळेनंतर 'ईझी वाँडरलिंग्ज'चे एक हलके, हवेशीर गाणे ठेवले होते. माझे म्हणणे असे, की रानातून पुढे नदीवर यावे आणि तिथे 'मा रेवा' हवे. मणिबेलीचे रानही त्याच नदीच्या काठी होते. तिचे म्हणणे असे, की एवढ्या एकट्या आवाजानंतर इतकी माणसे एकदम नकोत, शीळ पुसली जाईल. मी मध्ये तो गिटारचा बिनशब्दांचा तुकडा घालून पाहिला आणि तिला पाठवला. तिने ऐकून कळवले की तुकडा चांगला आहे, पण तो नर्मदेकडे जात नाही, परत झोपडीकडेच जातो. आता ती म्हणते आहे की बासरी चालेल का ते बघ, आणि मी बघते आहे.